कॅमेऱ्याखालचे तीन पाय

माहेर इंदूरचं आणि सासर बेळगावचं, असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "मग घरात बोलता तरी काय?" नवऱ्याशी मराठी, सासूबाईंशी कन्नड (आम्ही सगळे त्यांना अव्वाच म्हणतो), लेक दोन्हींतलं सोयीचं असेल ते उचलते. आणि इंदूरला फोन लागला की माझ्या मराठीत माळव्यातली हिंदी केव्हा शिरते, ते माझं मलाही कळत नाही. पण आज सांगायचंय ते भाषेबद्दल नाही. एका स्टँडबद्दल आहे. कॅमेऱ्याच्या तीन पायांच्या साध्या स्टँडबद्दल, ज्याच्या पायी आमच्या घरात सात-आठ महिने दुसरा विषय नव्हता.

माझे वडील, नाना, सार्वजनिक बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते. रस्ते, मोऱ्या, पूल यांत त्यांची नोकरी गेली आणि सुट्ट्या गेल्या फोटोग्राफीत. एक स्टुडिओ बंद होत होता, तेव्हा त्यांनी तिथला जुना लाकडी कॅमेरा विकत घेतला होता. सागवानी अंग, पितळी बिजागऱ्या, पुढे पेटीच्या भात्यासारखा घडीचा भाता आणि मागे दुधी काच. पावणेपाच बाय साडेसहा इंचांचा, म्हणजे ज्याला हाफ प्लेट म्हणतात तो. नावाची पट्टी केव्हाच पडून गेली होती. आपल्या दक्षिणेत अलप्पुळ्याला बनणारे 'वागीश्वरी' कॅमेरे एकेकाळी देशभरच्या स्टुडिओंत गेले होते. नानांचा त्यांतलाच असावा, असं आमचे एक शेजारी म्हणायचे. नाना म्हणायचे, "कुणाचा का असेना, माझा आहे."

त्याचा मूळचा स्टँड वाळवीनं खाल्ला आणि कॅमेरा कपाटावर गेला. पुढे नाना छोट्या कॅमेऱ्यांवर फोटो काढत राहिले. चार वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या सुरू झाल्या. चहाची कपबशी जाऊन स्टीलचा पेला आला. सही करायला वेळ लागू लागला. हे सगळं त्यांनी मुकाट्यानं घेतलं. पण नातीच्या वाढदिवसाचे काढलेले सगळे फोटो हललेले निघाले, तेव्हा त्यांनी कॅमेरा भावाच्या हातात दिला आणि म्हणाले, "आता तू काढत जा." त्यानंतर त्यांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही.

मी इतिहास शिकवते. यंत्रांतलं मला फारसं कळत नाही. पण एक दिवस वर्गात जुन्या छायाचित्रांबद्दल बोलताना एक साधी गोष्ट डोक्यात आली. छोटा कॅमेरा हातात धरतात, म्हणून हाताचा कंप फोटोत उतरतो. मोठा लाकडी कॅमेरा हातात धरायचाच नसतो! तो स्टँडवर बसतो. काळ्या कापडाखाली जाऊन दुधी काचेवर चित्र जुळवायचं, मग काचेच्या जागी कागद किंवा फिल्म भरलेली चौकट सरकवायची आणि लेन्स उघडायची. या सगळ्या वेळात कॅमेरा केसभरही हलता कामा नये. पण तो हलू द्यायचा नाही हे काम माणसाच्या हाताचं नाही, खालच्या पायांचं आहे. म्हणजे नानांना जमेल असा घरात कुठला कॅमेरा असेल, तर तो कपाटावरचाच!

गेल्या दिवाळीला मी इंदूरला गेले ती हा विचार घेऊन. एका दुकानात जाऊन चांगला ट्रायपॉड मागितला. त्यांनी कॅमेऱ्याचं वजन विचारलं. लेन्ससकट तीन किलो, मी म्हटलं. त्यांनी आठ किलो पेलणारा दाखवला. वजनाला हलका, पायांचे चार-चार तुकडे एकात एक सरकणारे, मध्ये वर-खाली होणारा दांडा आणि माथ्यावर गोळ्याचं हेड. गोळ्याचं म्हणजे एका वाटीत बसलेला धातूचा गोळा. एक स्क्रू सैल केला की कॅमेरा हवा तिकडे वळतो, आवळला की थांबतो. मला ते फार सोयीचं वाटलं. तीन मुठी फिरवण्यापेक्षा एकच स्क्रू, नानांच्या हाताला बरं. मी घेऊन टाकला.

चूक इथंच झाली आणि ती माझीच होती. लाकडी कॅमेऱ्याचा भाता पुढे ओढला की सगळं वजन पुढे जातं. नानांनी स्क्रू सैल केला, आणि गोळ्याच्या हेडचा स्वभाव असा की तो सैल झाला की सगळ्याच बाजूंनी एकदम सैल होतो. कॅमेरा तोंडावर कलला. एका हातानं तीन किलो सावरायचे आणि दुसऱ्यानं स्क्रू आवळायचा, हे नानांच्या हातांना झेपलं नाही. आई मध्ये धावली म्हणून कॅमेरा वाचला, पण दुधी काच फरशीवर आपटून फुटली.

नाना काही बोलले नाहीत. काचा स्वतः वेचल्या, कॅमेऱ्याची घडी घातली आणि कपाटाकडे बोट दाखवलं. मला आजही वाटतं, ते चिडले असते तर बरं झालं असतं.

बेळगावला परतले, पण मन लागेना. मग वाचायला लागले, फोटोग्राफीतल्या माणसांना विचारायला लागले. तेव्हा कळलं की 'आठ किलो पेलतो' याचा अर्थ इतकाच, की तेवढ्या वजनानं तो मोडत नाही. मोडत नाही म्हणजे हलत नाही, असं नव्हे. पायांचे तुकडे जितके जास्त तितके सांधे जास्त, आणि खालचे तुकडे काडीसारखे बारीक. मधला दांडा वर काढला की तीन पायांवर एक चौथा एकटा पाय उभा केल्यासारखं होतं. त्यातून भाता म्हणजे वाऱ्याला शीडच! आणि हेड जेवढं उंच आणि लवचीक, तेवढी तिथं कमजोरी जास्त. मोठ्या कॅमेऱ्याची माणसं बहुधा तीन मुठींचं हेड घेतात. त्यात आडवं फिरणं, पुढे-मागे कलणं आणि बाजूला कलणं वेगवेगळं सैल करता येतं, त्यामुळे एक सोडलं तरी बाकीची दोन धरून असतात. काही जण दातेरी चाकाचं हेड घेतात. ते मूठ फिरवू तेवढंच सरकतं, पण महाग आणि जड. आणि काही जण हेडच लावत नाहीत. कॅमेरा सरळ स्टँडच्या सपाट माथ्यावर बसवतात, कारण या कॅमेऱ्याची लेन्स मुळातच वर-खाली सरकते आणि कलते. हेडचं निम्मं काम कॅमेराच करतो.

अव्वांना मी हे सगळं कन्नडमध्ये समजावत होते, तर ट्रायपॉडला शब्द सापडेना. त्या म्हणाल्या, "मुक्कालि अन्न!" मुक्कालि म्हण की! तीन पायांची ती मुक्कालि, जशी आपली तिवई. लेकीनं ऐकलं 'मुक्कालु', म्हणजे पाऊण. "अज्जाला पाऊण स्टँड कशाला? पूर्ण घ्या ना!" मग बसले तिला समजावत, की कन्नडमध्ये कालु म्हणजे पायही आणि पाव हिस्साही, आणि आपल्या मराठीतले पाय आणि पाव हे दोन्ही शब्द संस्कृतातल्या 'पाद'वरूनच आलेले. अव्वा म्हणाल्या, चार पायांचं स्टूल अंगणात डुगडुगतं, मुक्कालि कधी डुगडुगत नाही. खरंच आहे. तीन टेकू कुठल्याही उंचसखल जमिनीवर एकाच वेळी टेकतातच. चौथा आला की कुरबुर सुरू होते.

त्याच दिवसांत वर्गात लाला दीनदयाळांवर बोलायची वेळ आली. आपल्या देशातल्या आरंभीच्या मोठ्या छायाचित्रकारांत त्यांचं नाव घेतात. पुढे हैदराबादच्या निजामानं त्यांना 'राजा मुसव्विर जंग बहादूर' असा किताब दिला आणि २००६ साली त्यांचं टपाल तिकीटही निघालं. पण त्यांची सुरुवात इंदूरची, हे फार थोड्यांना माहीत असतं. १८४४ साली मेरठजवळच्या सरधन्यात जन्म, रुरकीच्या थॉमसन कॉलेजात अभियांत्रिकीचं शिक्षण आणि १८६६ मध्ये इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरी. कॅमेरा हातात घेतला तो तिथंच, १८७४ च्या सुमारास, तिशीत. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी उत्तेजन दिलं. पुढे सर लेपल ग्रिफिन यांच्याबरोबर मध्य भारतातल्या वास्तूंचे फोटो काढत ते हिंडले. त्याचं पुस्तक १८८६ साली निघालं. सगळा कारभार काचेच्या प्लेटांचा आणि लाकडी कॅमेऱ्यांचा.

रात्री फोनवर नानांना हे सांगितलं. म्हटलं, "नाना, तुमच्याच खात्यातला माणूस हो! नकाशे, अंदाजपत्रकं, आणि मग कॅमेरा." पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, फोन कटला. मग नाना म्हणाले, "म्हणजे सर्व्हे शिकलेला असणार."

"असणारच."

"मग त्याला तीन पाय उभे करायला कुणी शिकवायची गरज नसेल." पुन्हा शांतता. "बेटा, आपण दुकानात कशाला गेलो? मी तीस वर्षं सर्व्हेच्या स्टँडमागे उभा राहिलोय."

किती दिवसांनी त्यांचा आवाज असा ऐकला! दुसऱ्या दिवशी ते स्वतः चालत शेजारच्या कंत्राटदाराच्या गोदामात गेले. आता मोजणीला नवी यंत्रं आणि ॲल्युमिनियमचे स्टँड आलेत. जुना लाकडी स्टँड तिथं कोपऱ्यात पडून होता, त्यावर पोती वाळत घातलेली. दोन-दोन पट्ट्यांचे जाड पाय, एकाच ठिकाणी सरकणारे, तळाला लोखंडी टोकं आणि वर सपाट माथा. वजन सहा किलो. कंत्राटदारानं पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "काका, ले जाओ, जगह खाली होगी."

घेण्याआधी नानांनी परीक्षा घेतली. ती मी इथं मुद्दाम सांगते, कारण कुठलाही स्टँड घेताना कामाला येईल. दिवाळीतला स्टँड आणि हा, दोन्ही शेजारी उभे केले. माथ्यावर पाण्यानं भरलेलं पातेलं ठेवलं आणि पायाला टिचकी मारली. दिवाळीतल्यावर पाण्याच्या लाटा बराच वेळ थरथरत राहिल्या. लाकडावर उठल्या आणि बघता बघता विरल्या. लाकूड कंप गिळून टाकतं. जर्मनीत आजही बर्लेबाखसारखी कंपनी लाकडी स्टँड बनवते, ती काही हौसेखातर नाही.

दुसरं माप त्यांनी स्वतःचं घेतलं. कॅमेऱ्याचं नाही, स्वतःचं. आता उभं राहून वाकणं त्यांना झेपत नाही. म्हणून काळ्या कापडाखाली स्टुलावर बसून डोळा जिथं येतो, तिथवर दुधी काच आली पाहिजे. स्टँडला मधला दांडा नाही, पाय आखूड केले की झालं. मी दुकानात गेले होते तेव्हा कॅमेऱ्याचं वजन सांगितलं होतं. त्यामागे बसणाऱ्याचं वय सांगायचं सुचलंच नव्हतं.

एक अडचण उरली. सर्व्हे स्टँडचा स्क्रू पाच अष्टमांश इंचाचा, कॅमेऱ्याच्या तळाचं भोक तीन अष्टमांशाचं. आजच्या छोट्या कॅमेऱ्यांचं तर पाव इंचाचं असतं. नानांनी थरथरत्या हातानं आकृती काढून पाठवली. रेघा वाकड्या, पण मापं चोख. ती घेऊन मी उद्यमबागेतल्या एका लेथवाल्याकडे गेले. "इदु यातक्क बेक री?" त्यांनी विचारलं. हे कशाला हवंय? वडिलांच्या कॅमेऱ्याला, म्हटल्यावर त्यांनी कागद नीट निरखला. आकृती हातानं काढलेली दिसतेय, म्हणाले. होय म्हटलं. संध्याकाळी पितळेचा तुकडा तयार होता, बाहेरून एक माप, आतून दुसरं, कडा घासून गुळगुळीत. इंदूरच्या कॅमेऱ्याला इंदूरचा स्टँड जोडणारा तुकडा बेळगावचा!

मे महिन्यात लेकीला घेऊन मिरज-पुणे करत इंदूरला पोचले. नानांनी तोवर साध्या काचेवर कार्बोरंडमची पूड घासून दुधी काच नव्यानं केली होती. कंप असला तरी घासायला काय हरकत आहे, म्हणाले. उलट काम लवकर झालं! मोरीत लाल दिवा लावून अंधारखोली सजली. फिल्मऐवजी फोटोचा ब्लॅक अँड व्हाइट कागदच वापरायचा ठरला, आठ बाय दहाच्या एका कागदात दोन तुकडे. हा कागद फार मंद. सावलीत पाच-सहा सेकंद सहज लागतात. म्हणजे स्टँडची खरी परीक्षा.

पहिला फोटो कुठला, हे नानांनी ठरवून ठेवलं होतं. राजवाडा. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या आगीत त्याचं फार नुकसान झालं होतं. नानांनी आगीच्या आधी काढलेला एकही फोटो आता घरात नाही.

पोह्याच्या गाड्यांभोवती गर्दी व्हायच्या आत आम्ही पोचलो. समोरच्या बागेतल्या अहिल्याबाईंच्या पुतळ्याला लेकीनं नमस्कार केला. फरसबंदीवर लोखंडी टोकं घसरू नयेत, म्हणून नानांनी घरूनच लाकडी पट्ट्यांचा त्रिकोण करून आणला होता. तीन कोपऱ्यांत तीन खळगे, त्यांत तीन टोकं. मग सर्व्हेची पद्धत. दोन पाय आधी रोवायचे, तिसऱ्यानं माथा समपातळीत आणायचा. छोट्या लेव्हलमधला बुडबुडा मधोमध आला, तेव्हा नाना स्टुलावर बसले. एवढा उंच राजवाडा मावणार कसा, मी विचारलं. कॅमेरा वर कलवला तर इमारत मागे पडल्यासारखी दिसते, ते म्हणाले. म्हणून कॅमेरा सरळच ठेवायचा आणि नुसती लेन्स वर सरकवायची. हेड लागलंच नाही. डोंगरदऱ्यांत किंवा जमिनीलगतच्या फुलांचे फोटो काढणाऱ्याला लागेल. इमारती आणि माणसं काढणाऱ्याचं सपाट माथ्यावर भागतं.

लेक कापडाखाली शिरली आणि ओरडली, "अज्जा, राजवाडा उलटा!" एक जण स्कूटर थांबवून म्हणाला, "मेट्रो का नाप ले रहे हो क्या, भिया?" नाना हसले. "नहीं, फोटो खींच रहे हैं."

या जुन्या लेन्सला शटर नाही, टोपी आहे. थरथरता हात टोपीला लागला तर कॅमेरा हलणार. त्यावरही नानांचा उपाय तयार होता. लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरायचा, पण टेकवायचा नाही. मी टोपी काढली. स्टँड शांत व्हायला थोडं थांबलो. मग नानांनी पुठ्ठा बाजूला घेतला आणि लेकीनं मोठ्यांदा मोजलं, "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु!" पुठ्ठा पुन्हा समोर आला. सहाही सेकंद तो पुठ्ठा नानांच्या हातात पंख्यासारखा हलत होता. मी त्याच्याकडे पाहत होते. नाना राजवाड्याकडे.

त्या रात्री लाल उजेडात कागद रसायनात पडला आणि आधी दरवाजा, मग सज्जे, मग एकेक खिडकी उमटत गेली. समोरून गेलेली माणसं, सायकली, स्कूटर, काहीच नव्हतं. सहा सेकंदांत जे चालत राहिलं ते पुसलं गेलं होतं. भिंग लावून नानांनी सगळ्यात वरच्या मजल्याचे गज मोजले. सगळे सुटे सुटे दिसत होते. त्यांनी भिंग आईकडे दिलं, आईनं माझ्याकडे. कुणीच काही बोललं नाही. मग आईच म्हणाली, "जेवून घ्या आता, वरण गार होतंय."

स्टँड आता इंदूरच्या बैठकीत दाराशेजारी उभा असतो. कंप आहे तसाच आहे, गोळ्या वाढल्यात. दिवाळीतला हलका ट्रायपॉड मी बेळगावला आणला; लेकीच्या छोट्या कॅमेऱ्याला तो छान चालतो. स्टँड तोही वाईट नव्हता, आमचा नव्हता एवढंच.

परवा नानांचा फोन आला होता. "तुझ्या आईचा काढायचाय आता. उजेड बघून ठेवलाय, मागच्या ओसरीत, सकाळी नऊला. स्टँडची चिंता नाही." मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "पण ती सहा सेकंद गप्प बसेल का, ते तू विचारून बघ."